अमेरिकेत चालू दुकान विकत घेताय? आधी त्यावरचा बोजा बघा

गावाकडे जमीन घ्यायची तर आपण सातबारा काढतो, आणि मालकाच्या नावाइतकंच बारकाईनं 'इतर हक्क'चा रकाना वाचतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसला की बोलणी तिथंच थांबतात. जुनी गाडी घेतानासुद्धा आरसी बुकावरचं एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरलंय का, हे आपण विचारतोच. न्यू जर्सीत मिठाई-फरसाणाचं चालू दुकान घ्यायला निघालो तेव्हा मात्र ओव्हन, फ्रीजर आणि फळीवरच्या मालावरही असाच बोजा असू शकतो, हे आम्हा दोघा नवरा-बायकोच्या डोक्यातच आलं नाही. आलं ते माझ्या वडिलांच्या. ते पतसंस्थेत वसुलीला होते. फोनवर भाव, भाडं, गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माल नजरगहाण आहे का, बघितलंस?" म्हणजे माल दुकानातच, पण कर्जापोटी तारण.

मी म्हटलं, बाबा, इथं तसलं काही नसतं.

असतं. क्लोजिंगला, म्हणजे पैसे देऊन सौदा पुरा करायला, आठ दिवस उरले असताना आमच्या वकीलबाईंचा ईमेल आला: तीन फायलिंग (बोज्याच्या सरकारी नोंदी) सापडलीत, पैसे पाठवू नका. त्या आठ दिवसांत जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते आहे. मी वकील नाही. व्यवहाराला वकील हवाच, पण त्याला काय विचारायचं हे माहीत असलं की त्याचे तास आणि आपले डॉलर दोन्ही वाचतात.

हाताशी काय काय हवं

- विक्रेत्याच्या कंपनीच्या नोंदणीचा कागद. पाटीचा फोटो किंवा व्हिजिटिंग कार्ड चालणार नाही. ज्या राज्यात कंपनी स्थापन झाली तिथल्या दफ्तरातली प्रत हवी.
- दुकान एकट्याच्या नावावर, कंपनीशिवाय चालत असेल तर मालकाच्या ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत.
- यंत्रांची यादी, सीरियल नंबरसकट. ही स्वतः करा. मी मोबाइलचा टॉर्च लावून ओव्हनच्या मागे वाकले, तर तेलकट धुळीखाली एका लीज कंपनीचं स्टिकर होतं. विक्रेत्याच्या यादीत तोच ओव्हन 'स्वतःचा' म्हणून लिहिला होता.
- सगळी लीज, कर्जं, क्रेडिट कार्डाच्या विक्रीवर घेतलेली उचल, यांचे करार.
- डिलिव्हरी व्हॅनचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद.
- जागेचा भाडेकरार.
- भाजी-किराणा पुरवणाऱ्यांची ताजी स्टेटमेंट्स.

१. काय विकत घेताय ते आधी ठरवा

दोन मार्ग आहेत. एक, विक्रेत्याची कंपनीच घेणं, म्हणजे एलएलसीतला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीतला) त्याचा हिस्सा. यात कंपनीची सगळी देणी, माहीत असलेली आणि नसलेली, कंपनीबरोबरच तुमच्या घरी येतात. दुसरा, फक्त मालमत्ता घेणं: यंत्रं, माल, नाव, गुडविल. छोट्या दुकानांचे व्यवहार बहुतेक या दुसऱ्या मार्गानं होतात, आणि लोकांना वाटतं की आता आपण सुटलो. कर्ज विक्रेत्याचं, आपण फक्त वस्तू घेतल्या.

गोम इथंच आहे. कर्ज तुमचं होत नाही हे खरं, पण वस्तूवरचा तारणहक्क वस्तूबरोबर चालत येतो. विक्रेत्यानं हप्ते थकवले तर कर्ज देणारा तुमच्या दुकानात येऊन त्या फ्रीजरवर हक्क सांगू शकतो. करारात 'कोणताही बोजा नाही' असं विक्रेत्यानं लिहून दिलं असलं तरी. त्या वाक्याच्या जोरावर तुम्ही विक्रेत्यावर दावा लावू शकता, पण तोवर तो फ्लोरिडाला राहायला गेलेला असतो.

'पण दुकानातून पेढे घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे तर बँक लागत नाही?' असं कुणी म्हणेल. नाही लागत, कारण रोजच्या व्यवहारात माल घेणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलंय. अख्खं दुकान एकगठ्ठा घेणारा त्या संरक्षणात बसत नाही.

२. कायद्याच्या आत काय आणि बाहेर काय

ही पायरी सगळ्यात मोठी आहे. चहा घेऊन बसा.

जंगम वस्तूंवरच्या तारणाचा कायदा अमेरिकेत केंद्राचा नाही, राज्यांचा आहे. मात्र प्रत्येक राज्याचा मजकूर जवळपास सारखा, कारण मसुदा एकच: युनिफॉर्म कमर्शियल कोड, बोलीत यूसीसी. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट आणि युनिफॉर्म लॉ कमिशन या दोन संस्था तो तयार करतात आणि राज्यांची विधिमंडळं थोडेफार फेरफार करून मंजूर करतात. पहिलं राज्य पेनसिल्व्हेनिया, १९५३ साली. तारणाचा भाग म्हणजे आर्टिकल नऊ, आणि तो पन्नासही राज्यांनी घेतलाय. सध्याची मांडणी १९९८ च्या मसुद्याची. बहुतेक राज्यांत ती १ जुलै २००१ पासून लागू झाली. न्यू जर्सीत हा कायदा राज्याच्या कायदेसंग्रहाच्या टायटल १२ए या भागात सापडेल. कलमांचे आकडे सगळीकडे सारखेच असल्यानं '९-१०९' म्हटलं की कुठल्याही राज्यातल्या वकिलाला कळतं: आर्टिकल नऊची व्याप्ती.

त्या कलमाचा गाभा एका ओळीत सांगायचा तर, कराराला नाव काहीही द्या, त्यातून जंगम वस्तूवर तारणहक्क निर्माण होत असेल तर तो आर्टिकल नऊखाली येतो. आमच्या ओव्हनचंच घ्या. कागदावर 'लीज' लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस हप्ते, मध्येच लीज सोडायची मुभा नाही, आणि शेवटी एक डॉलर देऊन ओव्हन आपला. कायदा याला भाडं म्हणत नाही. हे हप्त्यानं घेतलेलं कर्ज आहे आणि ओव्हन हे तारण. उलट लीज खरीखुरी असेल तर ओव्हन लीज कंपनीचाच, आणि विक्रेत्याला तो विकता येत नाही. म्हणून प्रत्येक लीजचं शेवटचं पान वाचा. ओव्हन मुदतीअखेर कितीला मिळतो, हे तिथं असतं.

आर्टिकल नऊच्या आत येणाऱ्या आणखी काही गोष्टी, ज्या पहिल्यांदा पटत नाहीत:

*येणी विकणं.* क्रेडिट कार्डावर पुढे होणाऱ्या विक्रीतला हिस्सा आज रोख घेऊन विकायचा, याला मर्चंट कॅश ॲडव्हान्स म्हणतात. देणारे आवर्जून सांगतात की हे कर्ज नाही, विक्री आहे. असेल. पण येण्यांची विक्रीही आर्टिकल नऊमध्येच मोजली जाते, आणि हे लोक फायलिंग करतातच. बऱ्याचदा स्वतःच्या नावानं नाही, एजंटच्या. यादीत कुठलंसं अनोळखी 'प्रतिनिधी' कंपनीचं नाव आणि तारणाच्या जागी 'सर्व मालमत्ता' दिसलं की कान टवकारा.

*विकायला ठेवायला दिलेला माल.* आपल्याकडच्या कित्येक जणी दिवाळीआधी पैठण्या मागवतात आणि एखाद्या बुटीकमध्ये 'विकल्या तर पैसे दे' म्हणून ठेवतात. एका खेपेचा माल १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल आणि इतर अटी जुळत असतील, तर हेही आर्टिकल नऊमध्ये येतं. फायलिंग केलं नसेल आणि बुटीक बुडालं, तर तुमच्या पैठण्या बुटीकच्याच समजून त्याची बँक त्या उचलू शकते. दुकान घेणाऱ्यानंही विचारावं, फळीवरचा कुठला माल दुसऱ्याचा आहे?

*न्यूयॉर्कचे को-ऑप फ्लॅट.* दुकानाशी संबंध नाही, पण मजेशीर आहे म्हणून सांगते. तिथं फ्लॅटधारकाकडे घर नसतं, सोसायटीचे शेअर असतात. शेअर म्हणजे जंगम. त्यामुळे बँक घराचं गहाणखत करत नाही, आर्टिकल नऊखाली शेअर तारण घेते. हाउसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे चटकन कळतं.

आता बाहेर काय. हे जास्त महत्त्वाचं, कारण यूसीसीच्या नोंदींच्या शोधात या गोष्टी सापडणारच नाहीत आणि कोरा अहवाल बघून तुम्ही खूश व्हाल.

*जमीन आणि इमारत.* त्यांचं गहाणखत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दफ्तरात. भिंतीला जखडलेलं वॉक-इन कूलर किंवा धुराडं मधल्या अवस्थेत असतं. त्याला फिक्श्चर म्हणतात, कायदा आर्टिकल नऊचाच लागतो, पण खास फिक्श्चर फायलिंग काउंटीत होतं. म्हणून काउंटीतही बघा.

*घरमालकाचा हक्क.* भाडं थकल्यावर सामानावर येणारा घरमालकाचा हक्क आर्टिकल नऊच्या बाहेर. त्यासाठी घरमालकाकडून काही थकलेलं नाही असं लेखी घ्यायचं.

*करांचे बोजे.* फेडरल टॅक्स लीन, म्हणजे थकलेल्या करापोटी केंद्र सरकारचा बोजा, वेगळ्या कायद्यानं येतो. शोधाची मागणी करताना 'यूसीसी, टॅक्स लीन आणि कोर्टाचे निकाल' असं तिन्ही लिहून द्या.

*गाड्या.* व्हॅनवरच्या तारणाला कायदा आर्टिकल नऊचाच, पण कर्ज टायटलवर नोंदलेलं असतं, अगदी आरसीवरच्या एचपीसारखं. कागद बघितला की कळतं.

*भाजीवाल्यांची थकबाकी.* किराणा किंवा रेस्टॉरंट घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. नाशवंत शेतमालाच्या १९३० च्या फेडरल कायद्यात १९८४ साली एक दुरुस्ती झाली. तिच्यामुळे ताज्या भाजी-फळांचे पैसे मिळाले नसतील तर तो माल आणि त्यातून आलेला पैसा पुरवठादारासाठी विश्वस्त म्हणून धरलेला समजतात. अटी पाळलेला पुरवठादार बँकेच्याही पुढे उभा राहतो, आणि याची कुठेही नोंद नसते. म्हणूनच वर यादीत पुरवठादारांची स्टेटमेंट्स घातलीत.

आणि दारूच्या दुकानाचा विचार असेल तर न्यू जर्सीत लिकर लायसन्स तारण ठेवताच येत नाही. त्यामुळे त्याच्या खरेदीचं अर्थकारणच निराळं.

३. नाव: अक्षर न् अक्षर

यूसीसीची नोंद वस्तूच्या नावानं लागत नाही, कर्जदाराच्या नावानं लागते. सातबाऱ्याला गट नंबर असतो, इथं तसं काही नाही. नाव चुकलं की अहवाल कोरा.

मी काय केलं? राज्याच्या वेबसाइटवर दुकानाच्या पाटीवरचं नाव टाकलं. शून्य निकाल. नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला, वर हसरा चेहरा. पाटीवरचं नाव हे नुसतं व्यापारी नाव होतं. मालक होती एक एलएलसी, तिचं नाव विक्रेत्याच्या मुलींच्या नावांची अक्षरं जोडून केलेलं. पाटीचं नाव टाकून काही मिळणारच नव्हतं.

कंपनी असेल तर स्थापनेच्या सरकारी कागदावर जसं नाव आहे तसंच. स्वल्पविराम, मोठी-लहान अक्षरं, शेवटचं 'एलएलसी' किंवा 'इन्क' याकडे बहुतेक राज्यांचं सॉफ्टवेअर काणाडोळा करतं. स्पेलिंगच्या चुकीकडे करत नाही.

एकट्या व्यक्तीचं नाव असेल तर २०१० च्या दुरुस्तीनंतर बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सवरचं नाव हेच खरं. आपल्या नावांचा इथं हमखास घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लायसन्सवर ते गायब किंवा पहिल्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतरचं आडनाव बँकेत आहे पण लायसन्सवर नाही. शोध घेताना लायसन्सप्रमाणे तर बघाच, शिवाय बाकीच्या सगळ्या रूपांनीही बघा. मागच्या पाच वर्षांत नाव बदललं असेल तर जुन्या नावानंही. जुन्या नावाचं फायलिंग नाव बदलायच्या आधीच्या आणि नंतर चार महिन्यांच्या आत आलेल्या मालावर चालू राहतं.

४. कुठल्या राज्यात बघायचं

दुकान न्यू जर्सीत, माल न्यू जर्सीत, म्हणजे नोंदही न्यू जर्सीत. चूक. नोंदणीकृत कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली तिथली ती रहिवासी समजली जाते. विक्रेत्यांना कुणीतरी सांगितलं होतं की डेलावेअरची एलएलसी भारी, म्हणून त्यांनी तिथं काढली होती. आमची तीनही फायलिंग डेलावेअरमध्ये निघाली. एकट्या व्यक्तीचं राज्य म्हणजे ती जिथं मुख्यतः राहते ते. दुकान न्यू जर्सीत आणि मालक पेनसिल्व्हेनियात राहत असेल, तर शोध पेनसिल्व्हेनियात.

दफ्तर सहसा सेक्रेटरी ऑफ स्टेटचं, पण सगळीकडे नाही. न्यू जर्सीत ते ट्रेझरी खात्याच्या रेव्हेन्यू अँड एंटरप्राइज सर्व्हिसेस विभागात आहे, मेरीलँडमध्ये असेसमेंट अँड टॅक्सेशन खात्यात, जॉर्जियात सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे. डेलावेअरचा शोध आम्हाला एजंटमार्फत करून घ्यावा लागला. तिथले थोडे पैसे वाचवायच्या नादी लागू नका.

५. अहवाल वाचायचा कसा

पहिलं फायलिंग यूसीसी-१. पानभर असतं: कर्जदार, तारणदार आणि तारणाचं वर्णन. कर्ज किती, हप्ते किती, बाकी किती, यातलं काहीही नसतं. ही फक्त जाहीर सूचना आहे की 'आमचा इथं हक्क आहे किंवा असू शकतो'. त्यामुळे नोंद दिसली म्हणजे कर्ज आहेच असं नाही, आणि फिटलं असेल असं गृहीतही धरायचं नाही.

त्यानंतरची सगळी हालचाल यूसीसी-३ या फॉर्मवर होते: मुदतवाढ, बदल, समाप्ती. प्रत्येक यूसीसी-३ मूळ फायलिंगच्या नंबराशी जोडून वाचा.

तारखा बघा. साधारण फायलिंगचं आयुष्य पाच वर्षं. शेवटच्या सहा महिन्यांत मुदतवाढ नोंदवली नाही तर ते आपोआप संपतं. म्हणजे १४ मार्च २०२१ चं फायलिंग १४ मार्च २०२६ ला संपतं, आणि मुदतवाढीची खिडकी १४ सप्टेंबर २०२५ पासून. संपलेल्या नोंदी पुढे वर्षभर दफ्तरात राहतात, त्या बघून घाबरू नका.

तारणाच्या वर्णनात 'सर्व मालमत्ता, सध्याची आणि पुढे येणारी' असं असेल तर तेच वडिलांचं नजरगहाण. आज फळीवर असलेला चिवडा, उद्या येणारा चिवडा आणि तो विकून आलेला पैसा, सगळं आत.

अहवालावर 'अमुक तारखेपर्यंत अद्ययावत' असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख आजची नसते. म्हणून शोध दोनदा: एकदा सुरुवातीला, एकदा क्लोजिंगच्या तोंडावर.

आमच्या अहवालात काय होतं ते सांगते. पहिलं, कोविडच्या काळातलं एसबीएचं (छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) ईआयडीएल नावाचं आपत्ती-कर्ज. २५,००० डॉलरच्या वर गेलेल्या या कर्जांना एसबीएनं धंद्याची मालमत्ता तारण घेतली, आणि ती कर्जं तीस वर्षांची आहेत. त्या काळात चालू असलेलं कुठलंही देसी दुकान घेताना हे कर्ज गृहीत धरूनच विचारा. दुसरं, ओव्हनची लीज. पैसे कधीच फिटले होते, पण समाप्तीची नोंद कुणी केली नव्हती. तिसरं, कॅश ॲडव्हान्स, ज्याबद्दल विक्रेते एक शब्द बोलले नव्हते. विचारल्यावर म्हणाले, "ते काही लोन नाही, बेटा."

६. बोजा उतरवून घ्या, पैसे देतानाच

प्रत्येक तारणदाराकडून पेऑफ लेटर मागवा. त्यात तीन गोष्टी हव्यात: अमुक तारखेला नेमकी किती रक्कम, पुढे दर दिवसाचं व्याज किती, आणि रक्कम मिळाल्यावर तारण सोडून यूसीसी-३ नोंदवायला किंवा आम्हाला नोंदवू द्यायला ते तयार आहेत हे वाक्य. तिसरं नसेल तर पत्र परत पाठवा.

मग क्लोजिंगच्या टेबलावर खरेदीच्या पैशांतून आधी तारणदारांचे, उरलेले विक्रेत्याचे. 'तुम्ही मला द्या, मी सोमवारी भरतो' याला नाही म्हणायचं. विक्रेते वडीलधारे असतात, चहा पाजतात, आपल्याला अंकल म्हणायची सवय, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. वकिलाला म्हणू द्या.

यूसीसी-३ भरताना फायलिंगचा नंबर तीनदा तपासा. ही चूक मोठ्यांच्या हातूनही झालीय. २००८ मध्ये जनरल मोटर्सचं एक वेगळं, लहान देणं फेडताना कागदांत एक जादा यूसीसी-३ गेला आणि त्यानं जेपी मॉर्गन बँकेच्या सुमारे १५० कोटी डॉलरच्या कर्जाचं मुख्य फायलिंग संपवून टाकलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नजरेतून ते सुटलं. २०१५ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की फायलिंगला बँकेची संमती होती, परिणाम काय होणार हे तिला कळलं नव्हतं एवढ्यानं ते रद्द होत नाही.

७. न्यू जर्सीवाल्यांनी एक फॉर्म विसरू नये

याचा आर्टिकल नऊशी संबंध नाही, पण फटका तितकाच. धंद्याची मालमत्ता एकगठ्ठा घेताना खरेदीदारानं क्लोजिंगच्या किमान दहा कामाचे दिवस आधी राज्याच्या कर विभागाला सी-९६०० हा फॉर्म पाठवायचा. मग ते कळवतात की विक्रेत्याच्या संभाव्य करापोटी किती रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात, अडकवून ठेवायची. फॉर्म पाठवला नाही तर विक्रेत्याचा थकलेला कर तुमच्या गळ्यात येऊ शकतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, वकिलाला विचारा.

८. आता तुमचं स्वतःचं कर्ज

इतका वेळ दुसऱ्याचा बोजा बघत होतो. क्लोजिंगच्याच दिवशी तुमच्या नव्या एलएलसीवर बँक यूसीसी-१ ठोकणार आहे. तारणाच्या करारावर सही केली की फायलिंगला तुमची संमती आपोआप धरली जाते.

सही करण्याआधी तारणाचं कलम वाचा. यूसीसी-१ वर 'सर्व मालमत्ता' एवढं लिहिलेलं चालतं, पण मूळ करारात नुसतं तेवढं वर्णन पुरत नाही. तिथं बँकेला प्रकार लिहावेच लागतात: माल, यंत्रं, येणी वगैरे. बोलणी करायला जागा आहे ती तिथंच. फक्त यंत्रासाठी कर्ज घेत असाल तर तारण त्या यंत्रापुरतंच ठेवायला सांगा. सगळं तारण दिलंत तर पुढचा कर्ज देणारा दारातूनच परत जाईल, कारण साधारण नियम असा की ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एखादं यंत्र घ्यायलाच ज्यानं पैसे दिले, त्यानं यंत्र तुमच्या ताब्यात आल्यापासून वीस दिवसांत फायलिंग केलं तर त्या यंत्रापुरता तो जुन्या बँकेच्याही पुढे जातो. विकायच्या मालासाठी नियम जास्त कडक आहे: माल पोहोचायच्या आधीच फायलिंग आणि जुन्या बँकेला नोटीस. दुकानाची काही किंमत विक्रेत्यालाच हप्त्यानं द्यायची ठरली असेल तर तोही तुमच्यावर फायलिंग करेल. बँक त्याला मागच्या रांगेत बसायची सही मागते. हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी रुसवेफुगवे होतात.

आणि वैयक्तिक हमी ही वेगळी गोष्ट आहे. एसबीए कर्जात वीस टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. एलएलसीची भिंत तिथं उपयोगाची नाही. हप्ते थकले तर तारणदार कोर्टात न जाताही वस्तू उचलू शकतो, अट एकच, शांतताभंग व्हायला नको. तुम्ही समोर उभं राहून स्पष्ट विरोध केलात तर बहुधा त्याला कोर्टाचा रस्ता धरावा लागतो.

९. क्लोजिंगनंतर

काही आठवड्यांत सरकारी दिसणारं पाकीट येईल. गरुडाचं चित्र, फायलिंग नंबर, 'आपल्या यूसीसी नोंदीची प्रत मिळवण्यासाठी शुल्क भरा'. नोंद सार्वजनिक असल्यानं खासगी कंपन्या नाव-पत्ता उचलतात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे सरकारी पत्र नाही. फेकून द्या.

एलएलसीचं नाव किंवा राज्य बदलायचं असेल तर बँकेला आधी कळवा, करारात तशी अट असतेच.

कर्ज फिटलं की बोजा आपणहून उतरेल अशी आशा धरू नका. धंद्याच्या कर्जात तारणदारावर बंधन येतं ते तुम्ही सहीनिशी लेखी मागणी केल्यावर. त्यानंतर वीस दिवसांत त्यानं समाप्तीचा यूसीसी-३ नोंदवायला किंवा तुम्हाला पाठवायला हवा. नाही केलं तर ५०० डॉलर आणि शिवाय प्रत्यक्ष नुकसान मागता येतं, आणि कर्जदार स्वतःच्या अधिकारात समाप्ती नोंदवूही शकतो. मागणी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

कणीक मळायचं मोठं मशीन आम्ही नंतर हप्त्यानं घेतलं होतं. ते फिटल्यावर पत्र टाकलं. अठराव्या दिवशी समाप्तीची नोंद दिसली. तिची प्रिंट मशीनच्या मागे चिकटवून ठेवलीय, कधी कुणी टॉर्च घेऊन वाकलं तर दिसावी म्हणून.